सरासरी भरली, बाजरी मात्र वाळली

प्रश्न: कऱ्हा नदीला मिळणाऱ्या आमच्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र जेमतेम ४० चौरस किलोमीटर आहे. पर्जन्यमापक एकच, तोही मंडळाच्या गावी, १२ किलोमीटर पश्चिमेला. तिथे सरासरीच्या ९२ टक्के पाऊस लागला, इकडे बाजरी पोटरीतच वाळली. मग दुष्काळ म्हणायचा की नाही?

उत्तर: म्हणायचा. गराड्याकडून सासवड, जेजुरी, मोरगाव असं खाली यावं तसा कऱ्हेच्या खोऱ्यातला पाऊस उतरत जातो, त्यामुळे पश्चिमेचा आकडा तुमचा नव्हेच. पण समजा तो तुमच्याच शिवारातला असता, तरी हंगामाच्या बेरजेवरून पिकाचं काही कळत नाही. फूटभर खोलीची मुरमाड जमीन पिकाच्या उपयोगाचं पाणी धरते साधारण ४० मिलिमीटर. ऑगस्टातली वाढती बाजरी रोज चार-पाच मिलिमीटर घेते, म्हणजे पूर्ण भिजलेली जमीनही आठ-दहा दिवसांत रिकामी. एका रात्री ९० मिलिमीटर पडला तर ५० ओढ्याला जातो. बेरजेत मात्र तो पुरता मोजला जातो.

म्हणून वहीत रोजचा हिशेब ठेवा: कालची शिल्लक अधिक आजचा पाऊस, वजा साडेचार (पिकाने त्या दिवशी घेतलेलं पाणी). उत्तर ४० च्या वर गेलं तर ४० च लिहा, शून्याखाली गेलं तर शून्य. मग सलग शून्याचे दिवस मोजा. फुलोऱ्यात असे आठ-दहा दिवस लागले, तर पुढे कितीही पडो, कणसात दाणा नीट भरत नाही. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत तीन ते चार आठवडे सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस झाला तर तो पावसाचा खंड धरतात. खोल काळ्या रानाला हे ठीक आहे, मुरमाडाला फार उशिराचं.

पर्जन्यमापक नसेल तर २० सेंटिमीटर व्यासाचा सरळ उभ्या कडांचा डबा चालतो. त्यात ३१४ मिलिलिटर पाणी साठलं की १० मिलिमीटर पाऊस. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर ठेवा आणि सकाळी साडेआठला मोजा.

प्रश्न: आमच्याकडे ११ वर्षांच्याच नोंदी आहेत. त्यावरून प्रमाणित पर्जन्य निर्देशांक (पाऊस नेहमीपेक्षा किती कमी-जास्त ते सांगणारा आकडा) काढता येईल का?

उत्तर: सूत्रात आकडे घातले की उत्तर येईल, पण त्यावर भिस्त ठेवू नका. ११ वर्षांतलं सगळ्यात कोरडं वर्षही क्रमवारीत १२ पैकी १, म्हणजे ८ टक्क्यांवर बसतं (शंभरातली आठच वर्षं इतकी कोरडी). तीव्र दुष्काळाची रेषा (निर्देशांक उणे १.५) साधारण पावणेसात टक्क्यांवर असते. तुमच्या वहीला तीव्र दुष्काळ दिसूच शकत नाही! किमान ३० वर्षं हवीत.

उपग्रह आणि पर्जन्यमापक जोडून केलेल्या चर्प्स (CHIRPS) या नोंदसंचातला पाऊस १९८१ पासून सुमारे साडेपाच किलोमीटरच्या चौकटीत मिळतो. तुमची ११ वर्षं त्याच्याशी महिनावार ताडून पाहा: जूनच्या तुमच्या बेरजेला त्याच्या बेरजेने भागा, तसंच जुलैचं, ऑगस्टचं, सप्टेंबरचं. त्या गुणकांनी जुनी वर्षं दुरुस्त करा. रोजच्या आकड्यांना हे लावू नका, उपग्रहाला सर नेमकी कुठे पडली ते समजत नाही. मग सगळी वर्षं चढत्या क्रमाने मांडा. ४४ वर्षांत चौथं कोरडं वर्ष म्हणजे ४५ पैकी ४, सुमारे ९ टक्के: मध्यम दुष्काळ.

त्याआधी स्वतःची वही तपासा. कोरी जागा शून्य धरली की खोटा दुष्काळ तयार होतो. सुट्टीच्या दिवशी शून्य आणि दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचा एकत्र पाऊस, हेही सर्रास आढळतं. स्वयंचलित केंद्राच्या नरसाळ्यात पाला किंवा पक्ष्यांची विष्ठा अडकली की भर पावसात शून्य येतं. शेजारच्या तीन मंडळांत पाऊस असून एकटं शून्य दिसलं, तर ती नोंद बाजूला काढा.

प्रश्न: विहिरीची पातळी धरली तर चालेल?

उत्तर: चालेल, विहीर नीट निवडली तर. पुरंदर उपसा योजनेच्या पाण्याने भरलेल्या तळ्याखालची विहीर मुळा-मुठेचं पाणी दाखवते, तुमच्या पावसाचं नाही. वरच्या अंगाच्या, बाहेरचं पाणी न येणाऱ्या चार-पाच विहिरी घ्या. मोटर रात्रभर बंद ठेवून, काठावरच्या एकाच खुणेपासून, दरवर्षी सप्टेंबरअखेर मोजा आणि मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडा. एकच विहीर खाली गेली असेल तर आधी शेजारी नवी बोअर पडली का ते विचारा.