राकिम, रॅप आणि रक्कम

प्रश्न असा आहे : ‘अमेरिकन रॅपर राकिम याच्यावर मराठीत लेख लिहितो आहे. रॅप हे “रिदम ॲण्ड पोएट्री”चे लघुरूप असल्याने रॅपरला “लयकवी” म्हटले तर चालेल का? त्याच्या गाण्यांत ओळीच्या मधेच यमके येतात, त्यांना यमक म्हणणे शुद्ध आहे का? आणि नाव “राकिम” लिहावे की “रकीम”?’

आधी ते लघुरूप निकालात काढू, कारण ते ऐकून ऐकून कान किटले आहेत. नाही, रॅप हे कशाचेही लघुरूप नाही. चार दिशांच्या आद्याक्षरांवरून ‘न्यूज’ शब्द झाला असे जे लोक छातीठोकपणे सांगतात, त्यांच्याच टाकसाळीत हेही पाडले गेले आहे. आता तर कॉलेजच्या गॅदरिंगमधला निवेदकसुद्धा रॅपचा कार्यक्रम याच व्याख्येने सुरू करतो आणि श्रोते ‘वा!’ म्हणतात.

‘रॅप’ हा इंग्रजीतला कित्येक शतकांचा जुना शब्द. ध्वन्यनुकारी. अर्थ : फटका. बोटाच्या पेराने दार ठोठावले की तो रॅप, मास्तरांनी बोटांवर पट्टी मारली की तोही रॅप. १८४८ साली न्यू यॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावी फॉक्स बहिणींच्या घरी भुते म्हणे टकटक करून उत्तरे देऊ लागली, त्या टकटकीचे नावही रॅपच. पण मजा पुढे आहे. सोळाव्या शतकात तोंडातून ताडकन शपथ किंवा शिवी बाहेर पडण्याला ‘रॅप आउट’ म्हणू लागले होते. म्हणजे हाताचा फटका तोंडात गेला. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांत रॅप करणे म्हणजे नुसते बोलणे, गप्पा हाणणे, समोरच्याला शब्दांत गुंडाळणे. ह्यूबर्ट ब्राउन या चळवळ्याला ‘एच. रॅप ब्राउन’ म्हणत, ते काही तो गात असे म्हणून नव्हे. नाक्यावरच्या शाब्दिक जुगलबंदीत तो कुणाला हार जात नसे म्हणून. १९६७मध्ये तो एसएनसीसी या विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष झाला. रॅपच्या संगीताचा आरंभ जिच्यापासून धरतात ती डीजे कूल हर्कची पार्टी न्यू यॉर्कच्या ब्रॉंक्स भागात सेजविक ॲव्हेन्यूवर व्हायला अजून सहा वर्षे होती. शब्द आधी, संगीत मागून.

आता हा प्रवास मराठीत कुठे दिसतो? अनंत फंदींकडे! संगमनेरचे हे शाहीर उत्तर पेशवाईतले, आणि त्यांनी गाजवलेल्या रचनाप्रकाराचे नाव काय, तर फटका. ठेक्यात बांधलेला, ‘हे करू नको, ते करू नको’ असे एकामागून एक हाणत जाणारा. इंग्रजीत फटक्याचा अर्थ वाढत वाढत पद्यप्रकारापर्यंत पोचायला विसावे शतक उजाडावे लागले. मराठीने ते काम अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या सांध्यावरच उरकले होते. कोणी म्हणेल, फटक्याला फटका म्हणतात तो त्यातल्या उपदेशाच्या झोंबण्यावरून, ठेक्यावरून नव्हे. माझे मत उलट आहे. नुसते झोंबणारे उपदेश मराठीत पैशाला पासरी मिळतील. त्या सगळ्यांना आपण फटका म्हणत नाही. मनाला समजावणारे श्लोक घ्या, ते काय कमी झोंबतात? ठेका पडतो म्हणून फटका.

मात्र यावरून ‘अनंत फंदी हे पहिले रॅपर’ असे लेखात लिहू नका. भारुडाला मराठी रॅप म्हणणारे आधीच पुष्कळ आहेत, त्यांत भर नको. नाव ठेवण्याची रीत सारखी निघाली, एवढेच माझे म्हणणे.

लघुरूपाची हौसच असेल तर ‘एमसी’ घ्या. ते खरोखरचे लघुरूप आहे : मास्टर ऑफ सेरेमनीज, म्हणजे कार्यक्रमाचा सूत्रधार. १९७९मध्ये शुगरहिल गँगच्या तबकडीच्या नावात ‘रॅपर’ आला, ती तबकडी तुफान चालली आणि जगाने तो शब्द उचलला. रॅप करणारी मंडळी मात्र स्वतःला एमसीच म्हणवत होती. राकिमलाही त्याचे चाहते ‘गॉड एमसी’ म्हणतात. मराठी मुलुखात ही दोन अक्षरे उच्चारली की पोरे वेगळ्याच कारणाने हसतात, त्याला इलाज नाही.

पण लघुरूपवाल्यांना सरसकट मूर्खात काढू नये, कारण ज्या वातावरणात राकिम घडला तिथे अक्षरे फोडून अर्थ काढणे हा धर्माचा भाग होता. १९६४च्या सुमारास हार्लेममध्ये क्लेरेन्स १३ एक्स याने ‘फाइव्ह पर्सेंट नेशन’ सुरू केले. या पंथात प्रत्येक अक्षराला आणि आकड्याला ठरलेला अर्थ असतो. ‘अल्ला’ची इंग्रजी अक्षरे फोडून त्यातून हात, पाय, पाय, हात, डोके असा माणूस उभा करतात. विल्यम मायकल ग्रिफिन हा लॉंग आयलंडवरच्या वायनडँच गावचा, १९६८ साली जन्मलेला मुलगा किशोरवयात या पंथात गेला आणि राकिम अल्ला झाला. केआरएस-वन या रॅपरनेही आपल्या नावाच्या अक्षरांतून ज्ञानाच्या सत्तेचे एक लांबलचक वाक्य काढले आहेच. अशा हवेत ‘रॅप’चीही अक्षरे कोणी तरी फोडणारच.

आपल्याकडचे शाकपूणि आचार्य काय वेगळे करीत होते? यास्कांनी निरुक्त या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तिग्रंथात त्यांचे मत दिले आहे : ‘अग्नि’ हा शब्द तीन धातूंपासून झाला. ‘अ’ घेतला ‘जाणे’ या अर्थाच्या धातूतून, ‘ग’ माखण्याच्या किंवा जाळण्याच्या धातूतून, आणि ‘नि’ नेण्याच्या धातूतून. झाले की लघुरूप! ‘गुरु’ म्हणजे ‘गु’ अंधार आणि ‘रु’ तो घालवणारा, हे तर प्रत्येक गुरुपौर्णिमेला ऐकतो. ही व्युत्पत्ती नव्हे, हे शब्दाचे ध्यान आहे. ध्यान म्हणून करा, कोशात घालू नका.

‘लयकवी’ चालणार नाही. कवीला लय नको असते की काय? रॅपरच लिहा.

यमकाकडे वळू. ‘यमक हे ओळीच्या शेवटीच असते, मधे आले तर तो अनुप्रास’ असा दंडक शाळेत कुणी तरी तुमच्या डोक्यात घातलेला दिसतो. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार अवघे चार : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. त्यातल्या एकट्या यमकाचे प्रकार दहा सांगितले आहेत, ते कुठे कुठे येते यावरूनच. चरणाच्या आरंभीचेही त्यांत आहे. मराठीत पुष्पयमक आहे, दामयमक आहे. दामयमकात तर एका चरणाच्या शेवटची अक्षरे उचलून पुढच्या चरणाच्या तोंडाशी बसवतात. वामन पंडितांना ‘यमक्या वामन’ म्हणत ते काय फक्त ओळी शेवटी जुळवल्या म्हणून? संस्कृत शास्त्रकार अर्थ वेगळा आणि अक्षरे तीच अशी कडक अट घालतात, ती लावली तर मात्र निम्मी मराठी कविताच यमकाबाहेर जाईल. ती अट मराठीने कधीच सोडून दिली. जागेची अट तर मुळातच नव्हती.

‘यमक’ हा शब्द ‘यम्’, म्हणजे आवरणे, यापासून आला, कारण तो कवीला बांधून ठेवतो, असे सांगणारे एक विद्वान मंडळ आहे. मुक्तछंदवाल्यांना ही व्युत्पत्ती फार आवडते, ते साहजिकच आहे. पण ‘यम’चा जुना अर्थ जुळा. यम आणि यमी ही जुळी भावंडे. एका ध्वनीला जुळा भाऊ मिळाला की यमक. तो शेजारच्या खोलीत जन्मला की ओळीच्या टोकाला, याने जुळेपणात फरक पडत नाही.

आता राकिम ऐका. १९८६ची ती पहिली तबकडी, ‘एरिक बी. इज प्रेसिडेंट’. एरिक बी. हा त्याचा जोडीदार डीजे. पहिल्या ओळीत ‘डोअर’ आणि ‘बिफोर’ जुळवून मोकळा होतो, दुसऱ्या ओळीत ‘म’काराची माळ लावत ‘मोअर’वर उतरतो, आणि मग तिसऱ्या ओळीच्या पोटातच बायटिंग, फायटिंग, इन्व्हायटिंग असे तीन जुळे पाठोपाठ. त्यांच्यामागे दर वेळी ‘मी’ चिकटलेला, म्हणजे जुळणारी अक्षरे एक नव्हे, तीन. तोवरच्या रॅपमध्ये यमक ओळ संपल्याची घंटा असे. याने ती घंटा काढून टाकली. वाक्य ओळीच्या हद्दीवरून सरळ पुढे जाते आणि जुळणी वाटेत जमेल तिथे होते.

दुसरे म्हणजे आवाज. रन-डीएमसी, एलएल कूल जे हे तेव्हाचे गाजलेले रॅपर गर्दीला हाक मारावी तसे बोलत. राकिम गळा चढवतच नाही. न्यू यॉर्कच्या क्वीन्सब्रिज वस्तीत निर्माता मार्ली मार्लच्या घरच्या स्टुडिओत हे रेकॉर्डिंग झाले. तिथे मार्ली आणि रॅपर एमसी शॅन बुचकळ्यात पडले, हा इतका थंडपणाने का म्हणतो आहे, जरा जोर लाव म्हणावे. हा किस्सा त्यांनीच पुढे सांगितला आहे. पण पोराने शाळेत सॅक्सोफोन वाजवलेला, जॅझमधला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन ऐकत वाढलेला, रूथ ब्राउनसारखी नामवंत गायिका नात्यात. स्वर कुठे टाकायचा आणि कुठे गिळायचा हे त्याला वाद्यातून कळले होते. रॅपचा ‘बोलणे’ हा अर्थ मी वर एवढ्यासाठीच चघळला. शब्दाला जे अभिप्रेत होते तिथे संगीताला राकिमने आणून बसवले.

इंग्रजी ‘राइम’वरही एक बोललेच पाहिजे. बहुतेक कोशकार तो लॅटिनमार्गे ‘रिदम’कडे नेतात. त्याच्या स्पेलिंगमध्ये मधे जो फुकटचा ‘एच’ बसला आहे तो ‘रिदम’च्या नादानेच नंतर घुसला, आधी तो साधा ‘आर-आय-एम-ई’ होता. मला दुसरा पक्ष पटतो : जुन्या जर्मन कुळातला ‘रीम’, म्हणजे संख्या, मोजणी. जुन्या इंग्रजीत गणिताला ‘रीमक्राफ्ट’ म्हणत. पद्य मोजूनच करतात, आपल्याकडेही मात्रा मोजतात, गण पाडतात. मग यमकाचा बाप आकडा असला तर बिघडले कुठे? लॅटिनवाल्यांचा पुरावा बळकट आहे हे मला ठाऊक आहे. त्यांनी तो सांभाळावा. त्याच तबकडीवर ‘माय मेलडी’ आहे, त्यात राकिम सात एमसी ओळीत उभे करतो, आणखी सात आणतो, वर आणखी सात, आणि एकवीस झाले की सगळ्यांना एकदम गिळतो. पाढे आणि यमके एकाच तोंडाने!

संख्येवरून नाव. अरबीत ‘र-क-म’ या धातूचा अर्थ खूण करणे, लिहिणे, आकडा घालणे. त्यापासून ‘रक़म’, आणि तीच फारसीतून आपल्याकडे येऊन बसलेली ‘रक्कम’. आकड्याचा अर्थ पैसा झाला. मराठी माणूस आकडा पाहतो तो पावतीवरच, त्याला कोण काय करणार! त्याच धातूचे ‘राक़िम’ म्हणजे लिहिणारा. उर्दू लेखक नम्रपणे स्वतःचा उल्लेख करताना ‘राक़िम-उल-हुरूफ़’ म्हणतात : ही अक्षरे लिहिणारा. आणि ‘रक़ीम’ म्हणजे लिहिलेले; कुराणात गुहेतल्या झोपलेल्या तरुणांच्या कथेत तो शब्द येतो, बरेच भाष्यकार त्याचा अर्थ कोरीव लेख असा करतात. ती सूरा कितवी? अठरावी. राकिमने एकट्याने काढलेल्या पहिल्या अल्बमचे नाव काय? ‘द एटीन्थ लेटर’, १९९७. इंग्रजी मुळाक्षरांत ‘आर’ अठरावा, हे त्याचे उघड कारण. उघड कारण पुरेसे आहे हे मला मान्य आहे, तरी मी ही जुळणी सोडणार नाही.

आणि १९८७चा ‘पेड इन फुल’! मराठीत सांगायचे तर ‘रक्कम भरून पावली’. मुखपृष्ठावर एरिक बी. आणि राकिम, हातांत नोटा, मागेही नोटाच. गाण्यात मात्र खिसा चाचपतो तर आत कापसाचा मळ आणि हाताला घाम. मग चोरीचपाटीचे दिवस मागे टाकून नोकरीचा विचार. रक्कम नसलेल्या राकिमचे हे गाणे. अल्बम बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत ५८व्या स्थानापलीकडे चढला नाही. २००६मध्ये एमटीव्हीने हिप-हॉपच्या सर्वश्रेष्ठ अल्बमांत त्याला पहिला क्रमांक दिला.

पुढची कारकीर्द लेखात लागेलच : १९८८चा ‘फॉलो द लीडर’, १९९०, १९९२ असे आणखी दोन, मग जोडी फुटली आणि करारांची भांडणे. २०००मध्ये रॅपर-निर्माता डॉ. ड्रेच्या आफ्टरमाथ या तबकडी कंपनीत गेला, २००३मध्ये अल्बम न काढताच बाहेर पडला, कारण त्याला हव्या त्या विषयांवर लिहायचे होते. ‘द सेव्हन्थ सील’ २००९चा.

तर लेखात ‘राकिम’ लिहा : ‘रा’ दीर्घ, ‘कि’ ऱ्हस्व, बोलताना जोर ‘किम’वर. ‘रकीम’ लिहिलेत तर लिहिणाऱ्याचा शिलालेख होईल.