'-स्की', '-इश' आणि आपले '-कर'

चि. बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

काल जेवताना तू विचारलेस की, वर्गातल्या मुलीचे आडनाव '-स्का'ने संपते आणि तिच्या सख्ख्या भावाचे '-स्की'ने, मग आपल्या घरात बाबांचे आणि तुझे '-कर' एकच कसे. आणि पोलिश लोकांचे '-स्की' म्हणजे आपले '-कर'च का? प्रश्न चांगला आहे आणि दोन घासांच्या मध्ये त्याचे उत्तर देता येण्यासारखे नाही, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

आधी लिंगाचे पाहू. '-स्की' हा विशेषण बनवणारा प्रत्यय आहे आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते, जसे आपण 'गावचा मुलगा' आणि 'गावची मुलगी' म्हणतो. क्राकुव शहराचे जे काही पुल्लिंगी असेल ते 'क्राकोव्स्की'. सॉसेज पोलिशमध्ये स्त्रीलिंगी असल्यामुळे वॉर्सातल्या दुकानात त्याच्या पाटीवर 'क्राकोव्स्का' लिहिलेले असते. आडनावही विशेषणच, म्हणून भाऊ कोवाल्स्की, बहीण कोवाल्स्का आणि सगळे कुटुंब मिळून कोवाल्स्त्सी. आपले '-कर' मात्र नाम घडवते, विशेषण नव्हे. बोलताना 'सातारकरीण' म्हणण्याची रीत आहे खरी, पण आडनाव म्हणून लिहिताना '-कर' सर्वांना सारखेच राहते.

अर्थाच्या बाजूने मात्र तुझा अंदाज बराच बरोबर आहे. पोलंडमध्ये ही आडनावे प्रथम जमीनदार सरदार घराण्यांत रूढ झाली. तार्नुवचे ते तार्नोव्स्की, लेश्नोचे ते लेश्चिंस्की. पुढे याच घराण्यातला स्तानिस्वाव पोलंडचा राजा झाला. गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर झाले, तसेच हे. फरक आहे तो मानाचा. '-स्की' हे सरदारकीचे लक्षण ठरल्यामुळे शहरातल्या आणि खेड्यातल्या सामान्य लोकांनाही ते हवेसे वाटू लागले आणि ज्यांच्या नावामागे कोणतेही गाव नव्हते, त्यांनीही ते जोडले. 'कोवाल' म्हणजे लोहार. त्यावरून झालेले कोवाल्स्की हे आज या देशातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. आपल्याकडे '-कर' लावण्यासाठी सरदार असावे लागले नाही. गाव सोडून दुसरीकडे राहायला गेलेल्या कोणत्याही माणसाला नव्या ठिकाणचे लोक जुन्या गावाच्या नावाने ओळखू लागत. ही गोष्ट मला मनापासून आवडते.

आता तू न विचारलेले, पण मला फार महत्त्वाचे वाटते ते सांगते. हा '-स्की' एकटा नाही. इंग्रजीतला '-इश', जर्मनमधला '-इश', डच भाषेत नुसता 'स' होऊन उरलेला प्रत्यय आणि लिथुआनियन '-इश्कास' हे सगळे एकाच घराण्यातले मानले जातात. मुळात 'इस्क' असा काहीसा उच्चार आणि 'त्याचा, त्याच्या जातीचा' असा अर्थ. जुन्या इंग्रजीत 'एंग्लिस्क' होते, त्याचे 'इंग्लिश' झाले. 'फ्रेंकिस्क'चे 'फ्रेंच' झाले आणि तिथे प्रत्यय इतका झिजला की तो ओळखूही येत नाही. 'डॉइच', 'डच' आणि जर्मनांसाठी इटालियन लोक वापरतात तो 'तेदेस्को' हे तिन्ही शब्द मुळात एकच: 'थेउद' म्हणजे लोक, त्यांची ती लोकांची भाषा, लॅटिन नव्हे ती. इंग्लंडमधल्या एका धर्मसभेचे ठराव लॅटिनमध्ये आणि लोकभाषेत वाचले गेले, असे 786 सालच्या एका पत्रात पोपला कळवलेले आहे आणि त्यात या शब्दाचे लॅटिन रूप आलेले आहे.

इंग्रजीत या प्रत्ययाचा अर्थ पुढे बराच सरकला. रंगाला लागला की तो आपल्या 'लालसर', 'हिरवट' यांचे काम करतो, आणि 'चाइल्डिश' म्हटले की त्यात नापसंती येते. इटालियनमध्ये मात्र त्याचेच '-एस्को' झाले, फ्रेंचांनी ते '-एस्क' करून घेतले आणि तिथून ते इंग्रजीत आले. म्हणजे इंग्रजीने घरचा प्रत्यय असताना त्याचाच परदेशात वाढलेला भाऊ पुन्हा घरी आणला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये सम्राट नीरोचा जमिनीखाली गाडला गेलेला प्रासाद सापडला. चित्रकार दोराने त्या अंधाऱ्या दालनांत उतरले आणि तिथे त्यांना भिंतींवर वेली, माणसे आणि पशू एकमेकांतून उगवलेली विचित्र चित्रे दिसली. गुहेला इटालियनमध्ये 'ग्रोत्ता' म्हणतात, म्हणून त्या शैलीला 'ग्रोतेस्का' म्हणू लागले. विद्रूप, चमत्कारिक अशा अर्थाने आज वापरला जाणारा 'ग्रोटेस्क' तो हाच. पुढच्या वेळी तो वाचशील तेव्हा त्यातला 'स्क' जरूर पाहा.

मराठीत आपण 'इंग्लिश', 'पोलिश', 'स्वीडिश' म्हणतो तेव्हा हा प्रत्यय तयार शब्दांबरोबर आलेला असतो. पण 'इंग्रज' शब्दात तो नाही. तो शब्द पोर्तुगीजांच्या 'इंग्लेझ'वरून आला आणि त्यातला शेवटचा 'ज' हा 'त्या ठिकाणचा' या अर्थाच्या 'एन्सिस' या लॅटिन प्रत्ययाचा अवशेष आहे. डच लोकांना आपण 'वलंदेज' म्हणत होतो, तेही 'ओलांदेझ'वरून, म्हणजे त्याच वाटेने. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि इंग्रज व डच व्यापारी आपल्या किनाऱ्यावर त्यानंतर बऱ्याच काळाने आले, त्यामुळे त्यांची नावे आपण आधी पोर्तुगीजांच्या तोंडून ऐकली.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, फिरंगी (म्हणजे पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज, फरासीस (म्हणजे फ्रेंच) अशी या लोकांची नावे एका ओळीत येतात, आणि त्या सर्वांना मिळून तिथे जो शब्द वापरला आहे तो आहे 'टोपीकर'. यावरून तुझ्या लक्षात येईल की '-कर' फक्त गावाला लागत नाही. ज्या खुणेने माणूस ओळखला जातो, तिलाही तो लागतो. त्यांचे देश निरनिराळे होते, डोक्यावर टोपी मात्र सर्वांच्याच होती.

तुझी,
आई