मान दुखतेय म्हणून नवीन व्हायोलिन मागवू नका, आधी चिनरेस्टची उंची बघा

तुमचा प्रश्न परवाच वाचला होता, पण हे मोबाईलवर दोन ओळीत सांगण्यासारखं नाही म्हणून आज निवांत बसून लिहितोय. तुम्ही म्हणताय वय 42, आठ महिने झाले वेस्टर्न पद्धतीने उभं राहून शिकताय, रोज पाऊण तास वाजवता आणि पंधरा-वीस मिनिटांत मानेच्या डाव्या बाजूला आणि खांद्याच्या मागे कळ यायला लागते. सर म्हणतात सवय होईल. तीन शोल्डर रेस्ट, म्हणजे व्हायोलिनच्या खाली लावून खांद्यावर टेकवायचे आधार, घेऊन झाले, आणि आता ते खांद्याजवळ कापलेलं, वाकड्या आकाराचं अर्गोनॉमिक व्हायोलिन परदेशातून मागवायचं मनात आहे. आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय की तुमची मान लांब आहे. माझ्या मते तुमच्या अख्ख्या प्रश्नात महत्त्वाचं वाक्य तेच आहे.

सरांचा मान ठेवून सांगतो, दुखण्याची सवय होत नाही. बोटांच्या टोकांना तार टोचते त्याची सवय होते, कातडी जाड होते. मान आणि जबड्याचं तसं नसतं, तिथे शरीर फक्त दुसरीकडून ओढायला शिकतं आणि मग ते दुसरीकडचं दुखायला लागतं. मी सतराव्या वर्षी माहीमला एका गोवेकर सरांकडे शिकायला लागलो, ते स्वतः खांद्यावर फक्त रुमालाची घडी ठेवून तासन् तास वाजवायचे, त्यांची मान आखूड होती आणि त्यांना तेवढं पुरायचं. मी तीच घडी ठेवून पाच वर्षं काढली. माझी मान त्यांच्यापेक्षा चांगली दोन बोटं लांब. शेवटी शेवटी जेवताना जबडा कट् कट् वाजायचा आणि सकाळी मान डावीकडे वळायची नाही. फिजिओथेरपी केली, आराम पडायचा आणि व्हायोलिन हातात घेतलं की आठवड्यात परत तेच. मग एका जुन्या रिपेअरवाल्या काकांनी माझं वाजवणं दोन मिनिटं बघितलं आणि काही न बोलता चिनरेस्टच्या, म्हणजे व्हायोलिनवर जबडा टेकवायला असते त्या वाटीच्या, खाली बुचाचे तुकडे लावून तो जवळजवळ एक सेंटिमीटर उंच करून दिला. महिनाभरात दुखणं निम्म्यावर आलं. तेव्हापासून कोणी मान दुखते म्हणालं की मी आधी चिनरेस्टच बघतो.

कारण नीट समजून घ्या. व्हायोलिनचं वजन गळ्याखालच्या आडव्या हाडावर, म्हणजे कॉलरबोनवर बसलं पाहिजे. ते अर्धा किलोच्या आसपास असतं, हाड ते आरामात पेलतं. आता कॉलरबोन आणि जबडा यांच्यामध्ये जी फट असते ती व्हायोलिनची जाडी आणि चिनरेस्टची उंची मिळून भरायची असते. कडेला व्हायोलिन साधारण पावणेचार सेंटिमीटर जाड असतं आणि त्याच्यासोबत आलेला चिनरेस्ट बहुतेक वेळा अडीचच्या आसपास, म्हणजे झाले सव्वासहा. तुमची फट समजा साडेआठ असेल तर उरलेले सव्वादोन सेंटिमीटर कोण भरणार? तुम्हीच भरताय, मान वाकवून आणि खांदा वर उचलून, दोन्ही एकदम, न थांबता पाऊण तास. कळ अगदी तिथेच येतेय.

मग लोक काय करतात, उंच शोल्डर रेस्ट लावतात. तुम्हीही तीनदा तेच केलंत. शोल्डर रेस्टने फट भरते खरी, पण अख्खं व्हायोलिनच कॉलरबोनवरून वर उचललं जातं, आणि तारा वर गेल्या की गजाचा हात वर न्यावा लागतो, डावा कोपरही वर, आणि मग काही महिन्यांनी उजवा खांदा बोलायला लागतो. चिनरेस्ट उंच केला की व्हायोलिन जागेवर राहतं आणि फक्त फट भरते. म्हणून क्रम असा की फट चिनरेस्टने भरायची, आणि शोल्डर रेस्ट फक्त व्हायोलिन घसरू नये आणि खांद्याचा उतार भरून निघावा म्हणून, जमेल तेवढा खाली ठेवायचा.

मोजायचं कसं ते सांगतो, एकट्याने करू नका, घरातल्या कोणालातरी पट्टी द्या. आरशासमोर उभं राहा, खांदे दोनदा वर उचलून सोडून द्या, नजर समोर, हनुवटी ना वर ना खाली. मग डाव्या बाजूला कॉलरबोनच्या वरच्या कडेपासून सरळ वर जबड्याच्या हाडापर्यंत मोजायचं. हनुवटीच्या टोकापर्यंत मोजू नका, बरेच जण तिथेच चुकतात. जी फट येईल त्यातून व्हायोलिनची कडेची जाडी वजा करा आणि वर अजून अर्धा ते एक सेंटिमीटर मोकळा सोडा, कारण डोकं किंचित होकार दिल्यासारखं खाली यावं एवढी जागा हवी. गच्च भरलेली फटही वाईटच, मग मान हलतच नाही आणि जबड्यावर ताण येतो. उरलं ती तुमच्या चिनरेस्टची उंची. एसएएस कंपनीचे चिनरेस्ट 24, 28, 32 आणि 35 मिलिमीटर अशा चार उंचीत मिळतात. क्रेडल कंपनीचा उंची, तिरकेपणा सगळं बदलता येतं असा येतो, विटनर कंपनीचे प्लास्टिकचे येतात त्यातही उंची कमी-जास्त होणारा आहे. पण एवढ्यात काहीच विकत घेऊ नका. आधी आहे त्या चिनरेस्टवर जुन्या सुती कापडाच्या घड्या ठेवून रबरबँडने बांधा आणि आठवडाभर वाजवा, एक एक घडी वाढवत जा. ज्या उंचीला वाजवताना मानेची आठवणच राहत नाही ती तुमची उंची, मग त्या मापाचा घ्या.

उंचीइतकीच चिनरेस्टची जागा महत्त्वाची आहे, याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. चिनरेस्ट ही तशी अलीकडची वस्तू, लुई श्पोर या जर्मन व्हायोलिनवादकाने 1820 च्या सुमारास ती आणली, त्याआधी सगळे तिच्याशिवायच वाजवायचे. आणि श्पोरने ती टेलपीसच्या, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवतात त्या पट्टीच्या, वर, बरोबर मध्यभागी बसवली होती. आज दुकानातल्या व्हायोलिनवर बऱ्याचदा डावीकडे सरकलेली असते. कोणाला डावीकडची बरी पडते, कोणाला मधली. लांब मान आणि आखूड हात असेल तर मधली करून बघाच, व्हायोलिन जरा समोर येतं आणि गज टोकापर्यंत न ताणता पोचतो. ग्वार्नेरी मॉडेलचा पट्टा टेलपीसवरून जातो पण वाटी डावीकडे असते, फ्लेश मॉडेलची वाटी मध्यभागी असते, दुकानात हीच नावं सांगा.

चिनरेस्ट स्वतः बदलणार असाल तर स्क्रू फिरवायची त्याची छोटी किल्ली मिळते तीच वापरा. पेपरक्लिप किंवा टाचणी घालून फिरवली तर ती आरपार जाऊन व्हायोलिनच्या कडेला ओरखडा पाडते, असे ओरखडे मी किती व्हायोलिनवर बघितलेत. खाली बूच हवंच, टेलपीसला कुठे टेकता कामा नये नाहीतर वाजवताना झणझण आवाज येतो, आणि घट्ट म्हणजे हलणार नाही एवढंच, त्यापुढे पिळू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आटतं, त्यामुळे ऋतू बदलला की एकदा हात लावून बघायचं. गळ्यावर लाल चट्टा उठत असेल तर तो बऱ्याचदा घामाचा आणि घासण्याचा असतो, पण कधी क्लॅम्पच्या निकेलची अ‍ॅलर्जीही असते, मऊ सुती कापड मध्ये घातलं की पुष्कळ फरक पडतो.

आता शोल्डर रेस्ट. तुमच्याकडे कुनसारखा आहे असं दिसतं, कॅनडातल्या ओटावाच्या जोसेफ कुन यांनी काढलेला हा प्रकार, दोन पाय आणि वाकलेली पट्टी, तो चांगलाच आहे. रुंद बाजू खांद्याकडे, अरुंद बाजू छातीकडे. चिनरेस्ट ठरला की याचे पाय सगळ्यात खालच्या आट्यावर आणा आणि तिथून गरज पडली तरच अर्धा अर्धा आटा वर. तुम्ही विचारलंय तो बॉन म्युझिका, खांद्यावरून मागे आकड्यासारखा जाणारा, तो ज्यांचे खांदे फार उतरते आहेत त्यांना खूप आधार देतो, पण तो जड आहे आणि व्हायोलिन एका जागी बांधून टाकल्यासारखं होतं. मला स्वतःला ते आवडत नाही, वाजवताना व्हायोलिन थोडं हललं पाहिजे. साध्या स्पंजच्या तुकड्यावर आयुष्यभर छान वाजवणारे लोकही आहेत.

वाकड्या आकाराच्या वाद्यांबद्दल. मला ती फार आवडतात, त्यामागे खरा विचार आहे, फक्त तो बराचसा व्हियोलासाठी झालेला आहे. व्हियोला व्हायोलिनपेक्षा मोठा, जड, आणि त्याच्या खालच्या स्वरांच्या मानाने तरीही लहानच पडतो, म्हणून चांगल्या आवाजासाठी तो मोठा करावा तर हात पुरत नाही. यातून वाद्य बनवणारे ओटो एर्देश यांनी व्हियोलावादक रिव्का गोलानी यांच्यासाठी खांदा कापलेला व्हियोला बनवला, डेव्हिड रिव्हिनस यांनी पेलेग्रिना नावाचा, वितळल्यासारखा दिसणारा व्हियोला केला आणि सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीतले डॉन अर्लिक तो वाजवायचे. कार्लीन हचिन्स यांनी तर व्हियोला चेलोसारखा उभा धरायचा केला आणि चेलोवादक यो-यो मा यांनी त्यावर बार्टोक या संगीतकाराचा कन्चेर्तो वाजवला. व्हायोलिनची बॉडी मात्र जेमतेम 35.6 सेंटिमीटरची. कापलेल्या खांद्याचा फायदा हात फिंगरबोर्डच्या, म्हणजे तारा दाबायच्या पट्टीच्या, वरच्या टोकाला जातो तेव्हा होतो, तुम्ही सध्या पहिल्या आणि तिसऱ्या पोझिशनला आहात, हात तितका वर जातच नाही, तुम्हाला तो मिळणारच नाही, आणि मानेतली फट आहे तेवढीच राहील. शिवाय नेहमीच्या केसमध्ये बसलं नाही, दुरुस्तीला आलं तर इथे कोण हात लावेल, हे सगळं आहेच.

त्यापेक्षा तुमच्या व्हायोलिनची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज, तपासून घ्या. स्वस्तातल्या व्हायोलिनवर ती बऱ्याचदा कारखान्यातून आली तशीच उंच ठेवलेली असते. फिंगरबोर्डच्या टोकाशी तार आणि लाकूड यांच्यात सगळ्यात बारीक ई तारेला साधारण साडेतीन आणि सगळ्यात जाड जी तारेला साडेपाच मिलिमीटर अंतर असावं, तुमचं सात-आठ भरलं तर प्रत्येक स्वराला बोट दुप्पट जोर लावतंय, तो जोर द्यायला अंगठा आवळतो, अंगठ्याबरोबर खांदा, आणि शेवट मानेत. घोडी कमी करायचं काम जाणकाराकडूनच करून घ्या, स्वतः कानस लावू नका. जमलं तर पुढेमागे तारा पिळायच्या गिअरवाल्या खुंट्याही बसवून घ्या, विटनरच्या खुंट्या साडेआठ वेढ्यांना एक या हिशोबाने फिरतात, पावसाळ्यात अडकलेल्या खुंट्या पिळून मनगट दुखवायचं संपतं.

बसून हिंदुस्थानी शिकले तर बरं पडेल का, असंही विचारलंय. मानेपुरतं बोलायचं तर हो, फार बरं. व्ही. जी. जोग, डी. के. दातार, एन. राजम सगळे मांडी घालून बसणारे, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकलेलं आणि मागचं टोक छाती-खांद्याशी, म्हणजे वाद्याला दोन्हीकडून आधार आणि डावा हात मींड घ्यायला मोकळा. हनुवटीला धरायचं काहीच काम नाही. पण गुडघे आणि कंबर साथ देत असेल तरच, आणि तुम्हाला ऑर्केस्ट्रात वाजवायचंय असं तुम्ही लिहिलंय, मग ती वाट वेगळी. हिंदुस्थानी संगीत ओढ असेल तर शिका, मान दुखते म्हणून नको.

एक गोष्ट मात्र चिनरेस्टवर ढकलू नका. करंगळीला मुंग्या येतात असं तुम्ही कंसात लिहिलंय. ते वाजवणं थांबवल्यावरही राहत असेल किंवा रात्री जाग येत असेल तर ऑर्थोपेडिक किंवा न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवाच, आणि जाताना व्हायोलिन घेऊन जा, त्यांना तुम्ही ते कसं धरता ते बघू दे. तोपर्यंत पाऊण तास सलग नको, दहा-दहा मिनिटांचे चार तुकडे करा आणि मध्ये वाद्य पूर्ण खाली ठेवा.

या रविवारी फट मोजा, घोडीचं अंतर मोजा, आणि तुमचा आत्ताचा चिनरेस्ट मधला आहे की डावीकडचा ते बघा. ही तिन्ही उत्तरं आणि समोरून एक फोटो टाकलात, चेहरा नसला तरी चालेल, तर कोणत्या उंचीचा घ्यायचा ते मी नक्की सांगू शकेन.