उशीर झालाय असं वाटणाऱ्या तुला

प्रिय दोस्ता,

तुझा मेल वाचला, नीट वाचला. हे फक्त तुझंच म्हणणं आहे असं नाही, तुझ्या वयाचे बरेच जण मला हेच विचारतात, की जे मोठं शोधायचं होतं ते सगळं शोधून झालंय, एआयमध्ये उडी मारावी तर तिथे आधीच एवढी गर्दी, मग मी आता शिकू काय आणि पडू कशात. एका ओळीत उत्तर देता आलं असतं तर दिलं असतं, पण ते खोटं झालं असतं म्हणून पत्रच लिहायला घेतलंय. लांबेल, सावकाश वाच.

आपल्याला शोधांचा इतिहास कसा शिकवतात, तर अमुक साली अमुक माणसाने अमुक वस्तू बनवली आणि जग बदललं. यातलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा बरोबर असतं. दुसरं इतक्या घाईत उरकलेलं असतं की खरी गोष्ट त्यातच राहून जाते. वस्तू बनते आणि जग बदलतं याच्या मधे वीस, तीस, कधी चाळीस वर्षं जातात आणि पैसा, नोकऱ्या, शहरं हे सगळं इकडचं तिकडे होतं ते त्या मधल्या वर्षांत. तू तिथे काम करावंस असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून हे सगळं.

विजेचंच घे. एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीज केंद्र न्यूयॉर्कमध्ये 1882 साली सुरू झालं. मोटरही तोवर आलेली होती. मग कारखानदारांनी वाफेची इंजिनं लगेच भंगारात काढली असतील ना? छे. 1900 च्या आसपास अमेरिकेतल्या कारखान्यांत यंत्रं फिरवायला जी ताकद वापरली जायची त्यात विजेच्या मोटरींचा वाटा 5 टक्क्यांच्याही आत होता. आणि ते मालक काही अडाणी नव्हते, चांगले हिशोबी लोक होते.

वाफेवरचा कारखाना कसा असायचा ते जरा डोळ्यासमोर आण. एकच भलंमोठं इंजिन, त्याच्या जोरावर फिरणारा एक लोखंडी शाफ्ट, म्हणजे लांब दांडा, छताखालून इमारतभर गेलेला, आणि त्या शाफ्टवरून चामड्याचे पट्टे खाली एकेका यंत्राला. इंजिन चालू तर सगळं चालू, बंद तर सगळं बंद. ताकद लांब नेली की वाया जाते म्हणून यंत्रं शाफ्टला चिकटून, इमारती मजल्यावर मजला चढवलेल्या, पट्टे एका मजल्यातून दुसऱ्या मजल्यात नेलेले, वर तेल ठिबकतंय, खाली अंधार. आता अशा ठिकाणी मालकाने केलं काय तर इंजिन काढलं आणि त्याच जागी एक मोठी मोटर बसवली. शाफ्ट तोच, पट्टे तेच, इमारत तीच. थोडीफार बचत झाली असेल, पण एवढ्यासाठी एवढा खर्च कशाला असं बाकीच्यांना वाटलं आणि त्यांचं बरोबरच होतं.

फायदा खरा कधी दिसला, तर मोटर लहान करून प्रत्येक यंत्राला आपापली मोटर द्यायची असं लोकांनी ठरवलं तेव्हा. कारण मग शाफ्ट लागत नाही, शाफ्ट गेला की मजल्यांची गरज जाते, कारखाना एकमजली पसरट बांधता येतो, छतातून उजेड घेता येतो, यंत्रं माल ज्या क्रमाने पुढे सरकतो त्या क्रमाने मांडता येतात, आणि एक यंत्र दुरुस्तीला काढलं तर बाकीच्यांना थांबावं लागत नाही. पण यासाठी नवी इमारत हवी, नवी मांडणी हवी, कामगारांना वेगळं शिकवायला हवं, त्यांच्या हातात जास्त निर्णय द्यायला हवेत. हे सगळं जमून यायला 1920 चं दशक उजाडलं आणि तेव्हा कुठे अमेरिकन कारखान्यांची उत्पादकता झपाट्याने वर गेली. पॉल डेव्हिड नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1990 साली ही गोष्ट मांडली, कारण तेव्हा सगळे विचारत होते की ऑफिसाऑफिसात कॉम्प्युटर बसले तरी उत्पादकतेच्या आकड्यांत ते दिसत का नाहीत.

आता एआयकडे बघ. बहुतेक ठिकाणी सध्या इंजिन काढून त्याच जागी मोटर बसवणं चाललंय. फॉर्म जुनाच, मंजुरीची साखळी जुनीच, फक्त मधला रिपोर्ट आता मशीन लिहितं. त्यामुळे तुला उशीर झालाय असं मला बिलकुल वाटत नाही. शाफ्ट अजून तिथेच फिरतोय!

दुसरी गोष्ट कंटेनरची, आणि ही मला सगळ्यात जवळची आहे. तो लोखंडी खोका तू हजार वेळा पाहिला असशील आणि त्यात पाहण्यासारखं काय आहे असंच वाटलं असेल. आधी जहाज भरायचं म्हणजे पोती, पिंपं, पेट्या, गठ्ठे एकेक करून माणसांनी आत न्यायचे आणि रचायचे, त्यात दिवसच्या दिवस जहाज बंदरात उभं. माल्कम मॅक्लीन हा ट्रकवाला माणूस, जहाजांशी त्याचा काही संबंध नाही, त्याने 26 एप्रिल 1956 ला 'आयडियल एक्स' नावाच्या जुन्या तेलवाहू जहाजावर 58 कंटेनर चढवून अमेरिकेतल्याच नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. हाताने माल चढवायला तेव्हा टनामागे साधारण पावणेसहा डॉलर पडायचे, या पद्धतीने ते 16 सेंटच्या आसपास आलं. परत वाच तो आकडा, काही टक्क्यांची बचत नाहीये ही.

पण खोका काही मॅक्लीनचा शोध नव्हता, रेल्वेवाले आणि जहाजवाले त्याच्या कितीतरी आधीपासून अशा पेट्या वापरून बघत होते. मॅक्लीनने नुसत्या खोक्याकडे पाहिलं नाही. ट्रक, क्रेन, जहाज, बंदर हे सगळं मिळून एकच वाहतूक आहे असं त्याने धरलं. आणि तरीही गाडी अडलीच, कारण त्याचे कंटेनर 35 फुटी, दुसऱ्या एका मोठ्या कंपनीचे 24 फुटी, एकाचा डबा दुसऱ्याच्या जहाजावर बसेना. मग 1960 च्या दशकात सगळ्या देशांचे लोक बसून लांबी किती, कोपऱ्यातली कडी कशी, ती लॉक कशी होणार यावर वर्षानुवर्षं भांडत राहिले. मॅक्लीनच्या कंपनीने कोपऱ्याच्या फिटिंगचं पेटंट बाकीच्यांना फुकट वापरू दिलं, म्हणून ते भांडण मिटायला मदत झाली. मला विचारशील तर पहिल्या जहाजापेक्षा हा निर्णय मोठा. पेटंट दाबून धरलं असतं तर त्याच्याकडे उत्तम डबे राहिले असते आणि जगाकडे वेगवेगळ्या मापांचा गोंधळ.

बारकोडचंही तसंच. नॉर्मन वुडलँड या अमेरिकन माणसाने मोर्स कोडचा, म्हणजे तारेच्या टिंब-रेघांच्या भाषेचा विचार करत करत समुद्रकिनाऱ्यावर वाळूत बोटांनी रेषा ओढल्या, त्याला आणि त्याचा साथीदार बर्नार्ड सिल्व्हरला 1952 मध्ये पेटंट मिळालं, आणि पुढे काहीच नाही. लेसर नव्हते, स्वस्त कॉम्प्युटर नव्हते. दुकानात पहिलं पाकीट स्कॅन झालं 26 जून 1974 ला, अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावात, च्युइंगगमचं. म्हणजे बावीस वर्षं. आणि तेव्हाही दुकानदार म्हणतोय पाकिटांवर कोड छापलेलाच नाही तर मी महागडा स्कॅनर का घेऊ, आणि माल बनवणारा म्हणतोय स्कॅनर कुणाकडे आहेच कुठे, मी पाकीट का बदलू. तो पेच सुटायला बरीच वर्षं गेली. सुटल्यावर रांग लवकर हलायला लागली हे झालंच, पण कुठली वस्तू कधी किती खपते हे दुकानाला बनवणाऱ्याइतकं, कधी त्याच्यापेक्षा जास्त कळायला लागलं, आणि मोठ्या दुकानांच्या साखळ्या कंपन्यांशी चढ्या आवाजात बोलायला लागल्या. वाळूत रेषा ओढताना हे कुणाच्या मनात असेल?

बाकीचं भराभर सांगतो. इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखाना आपल्या मनाने स्क्रूचे आटे पाडायचा, जोसेफ व्हिटवर्थने 1841 साली सगळ्यांसाठी एकच माप सुचवलं आणि एका ठिकाणचा बोल्ट दुसऱ्या ठिकाणच्या नटात बसायला लागला. जमा-नावेची दुहेरी नोंद इटलीतले व्यापारी आधीपासून करतच होते, लुका पाचोलीने 1494 मध्ये व्हेनिसला छापलेल्या पुस्तकात ती समजावून सांगितली, तीही विद्वानांच्या लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या भाषेत. आणि मर्यादित जबाबदारी, म्हणजे कंपनी बुडाली तर भागधारकाने घातलेले पैसे जातील पण घरदार जाणार नाही, हा प्रकार ब्रिटनमध्ये 1855-56 च्या कायद्यांनी आला. ही तर वस्तूसुद्धा नाही, नुसती कागदावरची कल्पना, पण अनोळखी लोकांचे थोडेथोडे पैसे गोळा करून मोठे उद्योग उभारणं तिच्याशिवाय फार कठीण गेलं असतं.

एक गोष्ट मात्र मी तुला सोडून देऊ देणार नाही. कंटेनर आला आणि पिढ्यानपिढ्या गोदीत राबणाऱ्या माणसांचं काम गेलं. लंडनच्या जुन्या गोद्या 1960 च्या दशकाच्या शेवटापासून एकेक करत बंद पडल्या, आणि इंग्लंडमधलंच फेलिक्स्टोसारखं आधी कुणाच्या खिजगणतीत नसलेलं बंदर मोठं झालं. ज्या वस्त्या गोदीवर जगत होत्या त्यांना स्वस्त मालाचा फायदा सांगून काय उपयोग? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र हॅरी ब्रिजेस या नेत्याच्या गोदी कामगारांच्या युनियनने 1960 साली मालकांशी करार केला, यंत्रं आणा, आम्ही अडवत नाही, पण पक्क्या नोंदणीतल्या कामगाराला काढायचं नाही आणि लवकर निवृत्त होणाऱ्याला फंडातून पैसे द्यायचे. करारात उणिवा होत्या, नव्याने येणाऱ्या पोरांना त्यात फारसं काही नव्हतं. पण यंत्राच्या फायद्यातला वाटा कामगाराला आधी ठरवून देता येतो हे त्यातून दिसलं. तू काहीही बनव, यातून कुणाचं काम जाणार आणि त्याचं पुढे काय, हा प्रश्न पहिल्या दिवशी कागदावर लिही, कारण नंतर तो विचारायला कुणालाच वेळ नसतो आणि तोवर ती माणसं पांगलेली असतात.

आता तुझ्या कामाचं. कोर्सची लिस्ट मागितली होतीस, ती इतक्यात देत नाही. आधी कुठलाही एक धंदा निवड, चकचकीत नसला तर अजून बरं, शेतमालाची वाहतूक असेल, हॉस्पिटलचं बिलिंग, बांधकामाचं सामान, काहीही. त्यातली एकच वस्तू किंवा एकच कागद घे आणि तो पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत कसा जातो ते स्वतः त्याच्या मागे फिरून बघ. कुठे तो नुसता पडून राहतो? तीच माहिती परत परत कोण लिहितं? दोन माणसं एकमेकांची वाट बघत अडकलीत असं कुठे झालंय, तू आधी कर मग मी करतो असं? तिथली जी कामं इमानेइतबारे चाललीत त्यातली किती फक्त एखाद्या जुन्या शाफ्टमुळे आहेत, जो आता नसला तरी चालेल? आणि हे बदलायचं तर कोणाकोणाला एकत्र हो म्हणावं लागेल, त्यात नाही म्हणण्याचं सगळ्यात रास्त कारण कोणाकडे आहे? त्या माणसाशी आधी बोल. ऐकून घे, पटवायला जाऊ नकोस.

हे सगळं आपल्या शब्दांत लिहून काढ, वहीत लिहिलंस तर फोटो पाठवलेस तरी चालेल. मी वाचून खुणा करून परत पाठवतो, मग पायथनमध्ये प्रोग्रामिंग शिकायचं की अकाउंट्स की कराराचा कायदा हे त्यावरून ठरवू.

वाट बघतोय.