नवा कॅमेरा घेतल्यावरही हात जुन्याकडेच का जातो

आपला प्रश्न असा आहे: निकॉन डी७०० बारा वर्षे वापरल्यावर आपण निकॉन झेड ७ घेतला, त्याला चार महिने झाले, तरी बाहेर पडताना हात जुन्याच कॅमेऱ्याकडे जातो आणि जुन्यातली छायाचित्रे अधिक ‘जिवंत’ वाटतात. असे इतरांचेही होते का, खर्च वाया गेला का, आणि जुनी बॉडी, म्हणजे लेन्सविना नुसता कॅमेरा, आता विकून टाकावी का?

इतरांचेही होते. मी स्वतः २००५ साली आलेला १२.८ मेगापिक्सेलचा पहिला कॅनन ५डी सोडून दोनदा नव्या बॉडीवर गेलो आणि दोन्ही वेळा काही महिने पुन्हा त्याच्याकडेच वळलो. या अनुभवातून आणि इतर अनेकांचे असेच प्रसंग पाहून माझे जे मत बनले आहे ते आधीच सांगतो. जुन्या कॅमेऱ्याची ओढ बहुतेक वेळा हाताच्या सरावातून येते, पण तिचे श्रेय आपण सेन्सरला, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपला, देतो. हा घोळ आधी निस्तरला, तर जुनी बॉडी विकायची की नाही हे ठरवणे पुष्कळ सोपे होते.

प्रथम चित्राच्या प्रतीविषयी. डी७०० चे चित्र ४२५६ × २८३२ पिक्सेलचे असते, झेड ७ चे ८२५६ × ५५०४ पिक्सेलचे. एकूण पिक्सेल जवळपास चौपट झाले, तरी लांबी-रुंदीच्या हिशोबाने वाढ दुपटीहून थोडी कमीच आहे. इंचाला ३०० पिक्सेल या दराने छापले, तर जुन्याची प्रत सुमारे १४ × ९ इंच येते आणि नव्याची सुमारे २७ × १८ इंच. ४के पडद्यावर तर जेमतेम ८.३ मेगापिक्सेल मावतात, म्हणजे आपण छायाचित्रे मुख्यतः पडद्यावरच पाहत असाल, तर डी७०० सारखा २००८ सालचा कॅमेराही तिथे पुरून उरतो. मात्र तेच छायाचित्र संगणकावर शंभर टक्क्यांवर, म्हणजे चित्राचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर, आणून पाहिले, की हाताचा तोच कंप नव्या फाइलमध्ये जवळपास दुप्पट पसरलेला दिसतो, लेन्सचे दोष उघडे पडतात आणि फोकस डोळ्याऐवजी पापणीवर गेला असेल तर तेही लपत नाही. ८५ मिमीच्या लेन्सला शटर १/८५ सेकंद उघडे राहिले तरी पुरे, हा जुना अंगठ्याचा नियम इथे अपुरा पडतो. अशा वेळी मी निदान १/२०० च्या पुढे जातो, कारण बॉडीतील स्थिरीकरण आपल्या हाताचा कंप सांभाळते, समोरच्या माणसाची हालचाल नव्हे. ‘नव्यातली छायाचित्रे मऊ येतात’ या तक्रारीच्या मुळाशी बहुधा एवढेच असते. नॉइजचे, म्हणजे चित्रातल्या दाणेदार ठिपक्यांचेही तसेच. दोन्ही छायाचित्रे एकाच आकारात आणून शेजारी ठेवली, तर नवा सेन्सर मागे पडत नाही, आणि कमी आयएसओवर, म्हणजे कमी संवेदनशीलतेवर, सावल्या उजळायच्या असतील तेव्हा तो फार पुढे असतो.

शिवाय ही तुलनाच मुळात न्याय्य नाही. आपल्या मनात डी७०० ची जी छायाचित्रे आहेत ती बारा वर्षांच्या गाळणीतून उरलेली आहेत; त्या काळात पुसून टाकलेली हजारो आज कोणाला आठवत नाहीत. झेड ७ ची मात्र चार महिन्यांतली सगळीच्या सगळी, चुकलेल्यांसकट, डोळ्यांसमोर आहेत. त्यात जुन्यांमध्ये घरची माणसे असतात, वाढत गेलेली मुले असतात, कदाचित आता नसलेले कोणी असते. तो ओलावा पिक्सेलमधून येत नाही, पण तो खोटा आहे असेही मी म्हणणार नाही.

आता रंगांविषयी, कारण ‘जिवंत’ या शब्दाचा रोख बहुधा रंगांकडे असतो. जुन्या कॅमेऱ्यांचे रंगच निराळे होते, ते सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरबरोबर गेले, असे नेहमी ऐकू येते, आणि २००९ च्या लायका एम९ चे किंवा २००५ च्या निकॉन डी२०० चे दाखले दिले जातात. आपला डी७०० सीमॉस या नंतर रूढ झालेल्या प्रकारच्या सेन्सरचा आहे, तरी त्याच्याबद्दल हुबेहूब हेच बोलले जाते, यातच काय ते समजावे. सीसीडी असो वा सीमॉस, सिलिकॉनला रंग कळत नाही. किती प्रकाश पडला एवढेच ते मोजते. रंग ठरतो तो पिक्सेलवर बसवलेल्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांनी, अवरक्त किरण अडवणाऱ्या काचेने, आणि त्यानंतर कॅमेऱ्यातील किंवा संगणकातील प्रक्रियेने. त्या गाळण्यांची मांडणी कोडॅकमधील ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटपासून चालत आली आहे आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच असते. जुन्या आणि नव्या कॅमेऱ्यांत गाळण्यांच्या रंगछटा वेगळ्या असू शकतात, त्यामुळे फरक शून्य आहे असे नाही. पण मोठा फरक प्रक्रियेचा असतो. जुन्या कॅमेऱ्याची डायनॅमिक रेंज, म्हणजे उजेड आणि सावली एकाच वेळी टिपण्याची क्षमता, कमी, म्हणून सावल्या लवकर काळ्या होत आणि चित्राला आपोआप ठसठशीतपणा येई. नव्या फाइलमध्ये सावलीतही तपशील शिल्लक असतो, आपण तो हौसेने वर उचलतो, आणि मग चित्र सपाट वाटते म्हणून कॅमेऱ्याला बोल लावतो.

याची चाचणी घरच्या घरी होते. एकाच प्रकाशात, एकाच लेन्सने, दोन्ही बॉडींनी रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, छायाचित्रे घ्यावीत, पांढऱ्याचा तोल दोहोंत एकाच राखाडी कार्डावरून बसवावा, कॉन्ट्रास्टची (उजेड-काळोखातल्या फरकाची) रेघ सारखी ठेवावी, दोन्ही एकाच आकाराला आणावीत आणि नावे झाकून दुसऱ्या कोणाला तरी क्रम बदलायला सांगावे. मी हे ५डी आणि त्याच्या वारसदाराच्या बाबतीत केले होते. ओळखण्याची पुरती खात्री होती. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी जवळपास तेवढीच बरोबर आली असती. त्यानंतर मी रंगांवरून वाद घालणे सोडले.

खरा मुद्दा हाताचा आहे. डी७०० वर वरच्या डाव्या टोकाला आयएसओ, पांढऱ्याचा तोल आणि फाइलची प्रत यांची तीन बटणे, त्यांच्याखाली एकेक की सलग छायाचित्रे घ्यायची हे ठरवणारी चकती, पुढे लेन्सशेजारी एकदाच फोकस, सतत फोकस आणि हाताने फोकस यांसाठी खटका, आणि मागे अंगठ्याजवळ प्रकाशमापनाची पद्धत बदलणारी कडी असते. हे सगळे कॅमेरा बंद असतानाही बोटांना कळते. झेड ७ वर यांतले बरेच काही बटण दाबून चकती फिरवण्यावर किंवा मागच्या पडद्यावरच्या यादीवर गेले आहे. त्यात गैर काही नाही. पण अंधारात, हातमोजे घालून किंवा समोरचा क्षण निसटत असताना बोट जुन्या जागी जाते आणि तिथे काहीच नसते. अर्ध्या सेकंदाचा हा अडखळा चित्राची प्रत बिघडवत नाही, तो चित्रच घेऊ देत नाही. बारा वर्षांत आपण जे कमावले ते म्हणजे कॅमेऱ्याचा विचार न करता समोरच्याचा विचार करण्याची मुभा, आणि नवा कॅमेरा घेतला त्या दिवशी ती मुभा काही काळापुरती परत द्यावी लागली. कंपनी बदलणाऱ्यांचे हाल तर याहून मोठे. निकॉन आणि कॅनन यांच्या लेन्सची कडी परस्परविरुद्ध दिशांना फिरते, त्यामुळे झूम जवळ आणायचा असताना दूर जातो, आणि ही सवय मोडायला मला तरी वर्ष लागले.

ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्तिआव सालगादो यांचे उदाहरण मला इथे नेहमी आठवते. २००८ च्या सुमारास त्यांनी फिल्म सोडून डिजिटल कॅमेरा घेतला, पण छायाचित्रांची निवड मात्र पडद्यावर न करता पूर्वीसारखीच कागदावरच्या कॉन्टॅक्ट शीटवरून, म्हणजे एकत्र छापलेल्या छोट्या प्रतींवरून, करत राहिले. साधन बदलले, पाहण्याची रीत बदलली नाही. आपल्यालाही नव्या बॉडीवर जुनी रीत काही अंशी बसवता येते. जी चार कामे डी७०० वर आपण न पाहता करत होता, तेवढीच झेड ७ च्या बदलता येणाऱ्या बटणांवर नेमून द्यावीत, बाकीच्या यादीकडे तूर्त ढुंकूनही पाहू नये, आणि निदान दोन महिने ही नेमणूक बदलू नये. दर आठवड्याला मांडणी बदलणाऱ्याचा हात कधीच बसत नाही.

व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीच्या, बाबतीत मात्र मी जुन्याच्या बाजूने थोडा झुकतो. डी७०० मध्ये आरशातून दिसते ते खुद्द दृश्य असते, झेड ७ च्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते ते त्याचे चित्र. कॅमेरा झोपलेला असला तरी आरशातून चौकट जुळवत बसता येते. झेड ७ सारख्या मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, तो जागा होईपर्यंत काळोख असतो. बॅटरीचा हिशोबही यातून येतो: प्रमाणित चाचणीत डी७०० ची एक बॅटरी सुमारे १००० छायाचित्रे देते, झेड ७ ची ३३०. (प्रत्यक्ष वापरात दोन्ही आकडे वाढतात, पण अंतर जाणवतेच.) नव्याची जमेची बाजू अशी की, चित्र किती उजळ येणार ते आधीच दिसते आणि फोकस जवळजवळ चौकटीच्या कडेपर्यंत कुठेही ठेवता येतो, तर डी७०० चे ५१ बिंदू मध्यभागी गर्दी करून बसलेले असतात. दोन्ही वापरणाऱ्याला दोन्हींचा मोह समजतो.

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते, ती म्हणजे घरी आल्यानंतरचा ताण. झेड ७ सेकंदाला ९ पर्यंत छायाचित्रे घेतो, डी७०० खाली जोडायच्या बॅटरी-ग्रिपशिवाय ५. प्रत्येक फाइल चौपटीच्या आसपास मोठी. संध्याकाळभरात चारशे छायाचित्रे आणणारा माणूस बाराशे आणू लागतो आणि ती पाहण्याचा कंटाळा येऊन कार्ड तसेच पडून राहते. माझ्या ५डी चा मागचा पडदा इतका सुमार होता की त्यावर पाहून काहीच उमजत नसे, म्हणून मी पाहणेच सोडून दिले होते, आणि त्या न पाहण्यामुळे समोर लक्ष राहत असे. जुन्या कॅमेऱ्याने लादलेली ही शिस्त नव्यावर स्वतःहून पाळता येते: एकेक छायाचित्राची पद्धत ठेवावी, घेतल्याबरोबर पडद्यावर चित्र दिसणे बंद करावे. करायला सोपे आहे, पण मोह आवरणे अवघड.

जे परतत नाहीत त्यांचाही विचार व्हावा. पक्षी, खेळ, लग्नसमारंभ या कामांत धावत्या विषयाचा पाठलाग करणारा आणि डोळा ओळखणारा फोकस एकदा हाताळलेला माणूस सहसा मागे वळत नाही, कारण तिथे चुकलेल्या क्षणाची भरपाई नसते. परतणारे बहुतेक रस्त्यावर, घरात, प्रवासात स्वतःच्या आनंदासाठी छायाचित्रे घेणारे असतात. ही ओढ कॅमेरा बनवणाऱ्यांनीही ओळखली आहे: लायकाने फिल्मचा एम६ २०२२ साली पुन्हा बाजारात आणला, निकॉनने २०२३ मध्ये आधुनिक सेन्सरभोवती जुन्या धर्तीच्या चकत्या बसवून झेडएफ काढला, आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सने चक्क नवा फिल्म कॅमेरा आणला.

आता विकण्याविषयी. निर्णय भावनेपेक्षा आपल्याकडच्या लेन्सवर सोपवावा. आपल्याकडे एएफ-डी प्रकारच्या जुन्या लेन्स असतील, तर त्यांना फोकससाठी बॉडीतील मोटर लागते. ती डी७०० मध्ये आहे; झेड ७ मध्ये नाही आणि जुन्या लेन्स त्यावर बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही नाही. म्हणजे त्या लेन्स नव्या बॉडीवर बसतील, पण फोकस हातानेच करावा लागेल. अशा लेन्स असतील तर डी७०० ठेवावा, आणि त्याच्यावर त्यांतली एकच, आपली सर्वांत आवडती, कायम चढवून ठेवावी. सगळ्या लेन्स एएफ-एस, म्हणजे स्वतःत मोटर असलेल्या, असतील तर त्या अडॅप्टरवर स्वयंचलित फोकससह चालतात, मग जुनी बॉडी ठेवण्याला सवयीखेरीज कारण उरत नाही. तरी घाई नको. आणखी सहा महिने ठेवून किती वेळा ती खरोखर बाहेर नेली याची तारखेनिशी नोंद करावी. तोवर बॅटरी बॉडीतून काढून अर्धवट भारित ठेवावी, कॅमेरा कोरड्या डब्यात ठेवावा आणि महिन्यातून एकदा शटर चार-दोन वेळा चालवावे. नोंदवहीत सहा महिन्यांनी दोन-तीनच तारखा दिसल्या, तर विकून टाकावा, आणि मोटरची गरज असलेली एखादी लेन्स पडून असेल तर ती याच बॉडीबरोबर द्यावी, म्हणजे घेणाऱ्याला ती पहिल्या दिवसापासून वापरता येईल.