जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या स्पीकरचा कोन फाटलाय, आवाज खरखरतो. दुरुस्त होईल की बदलावा?

बहुतेक वेळा दुरुस्त होतो, म्हणून बदलायची घाई करू नका. प्लग काढा आणि फिल्टर कपॅसिटर (पॉवर सप्लायमधला वीज साठवणारा भाग) रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा. तिथे 250-300 व्होल्ट डीसी असू शकतात, हे खरंच जिवावरचं आहे.

मग कोन चारी बाजूंनी बोटांनी सारखा दाबून हलकेच आत-बाहेर करा. घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल (कोनला चिकटलेली तारेची गुंडाळी) चुंबकाच्या फटीत मधोमध नाही, किंवा फटीत कचरा अडकलाय. काही जुन्या स्पीकरांत कोनच्या मध्यभागी स्क्रू असतो. तो सैल करून फटीत पातळ फिल्मच्या तीन-चार पट्ट्या सरकवा, स्क्रू आवळा, पट्ट्या काढा. हे काम सावकाश करा.

घासत नसेल तर फाटलेल्या कडाच फडफडतायत. पातळ टिश्यू पेपर आणि पाण्याने सैल केलेला पांढरा गोंद पुरतो. जाड थर नको, कोन जड होऊन आवाज दबतो. चिकटपट्टी तर नकोच.

स्पीकर बदलायचाच झाला तर मागे कायम चुंबकाऐवजी फील्ड कॉइल (वीज दिल्यावर चुंबक बनणारी गुंडाळी) आहे का बघा. ती अनेकदा पॉवर सप्लायची चोकही (करंटमधले चढउतार गाळणारी गुंडाळी) असते. तिथे साधा कायम चुंबकाचा स्पीकर नुसता जोडून चालत नाही, कॉइलच्या जागी तेवढ्याच रोधाची, करंट पेलणारी चोक किंवा रेझिस्टर लागतो.

आणि स्पीकर सुटा असताना रेडिओ चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला) जळू शकतो.