नाव यादीत आहे, मग बैठकीलाही या

मागच्या अंकात मी सिडनीत ऑस्ट्रेलियन लेबर पार्टीची सभासद कशी झाले, याविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेते आहे. मी लेबरची आहे हे उघडच आहे, पण ज्यांना लिबरल किंवा ग्रीन्स जवळचे वाटतात त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

प्रश्न : ताई, गणपतीच्या कार्यक्रमात एका परिचितांनी पक्षाचा फॉर्म पुढे केला. ‘फक्त सही करा, पैशांचं आम्ही बघतो,’ म्हणाले. भिडेखातर मी आणि मिस्टरांनी सह्या केल्या. आता आठवड्याला दोन-तीन ईमेल येतात : मंत्र्यांची निवेदनं, बैठकीच्या सूचना, देणगीचं आवाहन. आम्ही न वाचता डिलीट करतो. यात काही चुकतंय का?
— एक वाचिका, टार्नीट, मेलबर्न

उत्तर : हो, चुकतंय, आणि ते ईमेल डिलीट करण्याच्या बरंच आधी चुकलं आहे. तुमची वर्गणी दुसऱ्याने भरली, तिथे.

मी कोल्हापूर जिल्ह्यातली, साखर कारखान्याच्या पट्ट्यातली. संचालक मंडळाची निवडणूक आली की आमच्या घरात एकच विषय असायचा : यादीत बोगस सभासद किती घुसवलेत. उसाचं एक कांडंही न लावणारी माणसं मतदानाच्या दिवशी जीपमधून यायची. वडील त्या दिवशी जेवायचे नाहीत. इथे आल्यावर ‘ब्रँच स्टॅकिंग’, म्हणजे शाखेत नावापुरते सभासद भरणं, हा शब्द कानावर आला, तेव्हा मला तो कुणी समजावून सांगावा लागला नाही.

पक्षाचा उमेदवार ठरवण्यात स्थानिक सभासदांचं मत असतं. त्याला प्रीसिलेक्शन म्हणतात. एखादी जागा पक्षासाठी पक्की असेल, तर उमेदवार ठरला की खासदारच ठरल्यासारखा. म्हणून ज्याच्या हातात शे-दोनशे कागदी सभासद, त्याच्या शब्दाला वजन. तुमच्या सहीची किंमत तिथे होती. तुम्हाला तिचं काही मिळालं नाही, पण कुणाला तरी मिळालं असेल.

तुम्ही राहता त्या व्हिक्टोरियातच २०२० च्या जूनमध्ये लेबर पक्षातलं कागदी सभासदांचं असंच प्रकरण उघड्यावर आलं. राज्याच्या मंत्रिमंडळातले अ‍ॅडम सोम्युरेक यांना मंत्रिपदावरून काढण्यात आलं. पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने राज्य शाखा ताब्यात घेतली आणि माजी प्रीमियर (म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री) स्टीव्ह ब्रॅक्स व माजी केंद्रीय मंत्री जेनी मॅकलिन यांना प्रशासक नेमलं. राज्यातल्या सभासदांचा मताधिकार २०२३ पर्यंत गोठवण्यात आला. भ्रष्टाचारविरोधी आयोग आणि लोकपाल यांचा संयुक्त अहवाल २०२२ च्या जुलैमध्ये आला.

यातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट मंत्र्याची नाही. तीस-तीस वर्षं पदरच्या पैशाने वर्गणी भरणारे, पावसात पत्रकं वाटणारे साधे सभासद होते, त्यांचंही मत त्या काळात गेलं. त्यांनी काही केलं नव्हतं.

आपल्यासारख्या नव्याने आलेल्या समाजांकडे असल्या लोकांचं लक्ष लवकर जातं, कारण आपल्यात एका ओळखीच्या माणसाच्या शब्दावर वीस सह्या मिळतात. ती भीड बाजूला ठेवा. याच आठवड्यात पक्षाच्या राज्य कार्यालयाला दोन ओळी लिहा : आमची वर्गणी आम्ही भरलेली नाही, नोंद तपासा. मग दोघांनी बसून ठरवा. पक्ष पटत असेल तर स्वतःच्या खात्यातून वर्गणी भरा. ती उत्पन्नाप्रमाणे कमी-जास्त असते. पटत नसेल तर राजीनामा द्या. एका घरात दोघांचं उत्तर वेगळं आलं तरी चालेल. परिचित रागावतील, रागावू देत.

प्रश्न : मी स्वतःहून सभासद झाले, वर्गणीही स्वतःच भरते. पण पक्षाच्या ईमेलमध्ये फोटो आणि ‘पाच डॉलर द्या’ याखेरीज काही दिसत नाही. सभासदासाठी म्हणून जी बातमी येते, त्यातलं वाचण्यासारखं काय?
— एक वाचिका, वेस्टमीड, सिडनी

उत्तर : आधी पाठवणाऱ्याचं नाव बघा. मुख्य कार्यालयाकडून येणारं पत्र हजारोंना एकच जातं. ते सवडीने वाचा. देणगी द्यायचं बंधन कुणावरही नाही. शाखेच्या सेक्रेटरीचं पत्र मात्र उघडाच. बहुतेक वेळा ते रूक्ष असतं, फोटो नसतो, मजकूर एका दमात टाइप केलेला असतो. पण बैठकीची तारीख, मागच्या बैठकीचं इतिवृत्त, येणारे ठराव आणि वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना त्यातच असते. वार्षिक सभेत पदाधिकारी निवडले जातात आणि वरच्या मंडळांवर पाठवायचे प्रतिनिधीही. ज्याने ती सूचना वाचली नाही, त्याने ती निवड दुसऱ्यांवर सोडली.

माझी पहिली बैठक मला आठवते. कम्युनिटी हॉलच्या मागच्या खोलीत चौदा खुर्च्या मांडलेल्या आणि माणसं नऊ. अध्यक्ष रेल्वेतून निवृत्त झालेले होते. दारातच त्यांनी हजेरीपुस्तक पुढे केलं आणि म्हणाले, ‘आधी सही, मग चहा.’ सूचक कोण, अनुमोदक कोण, हे आपल्या हाउसिंग सोसायटीच्या सभेसारखंच होतं, त्यामुळे मी बुजले नाही. मी तेव्हा रुग्णालयात नर्स होते. दुपारची पाळी रात्री साडेनऊला संपायची आणि त्यानंतर बस तासाला एक. आम्ही पाच-सहा जणी अंधारात थांब्यावर उभ्या असायचो. तिसऱ्या बैठकीत मी त्यावर तीन ओळींचा ठराव लिहून नेला. हात कापत होता. त्या अध्यक्षांनी अनुमोदन दिलं.

ठराव मतदारसंघाच्या मंडळाकडे गेला, आमदारांच्या कार्यालयाकडे गेला. चार महिन्यांनी शाखेच्या पत्रात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात उत्तर आलं : सध्या शक्य नाही. पुढच्या वर्षी मी तोच ठराव पुन्हा मांडला, या वेळी पाळीच्या वेळा आणि थांब्यावर उभ्या राहणाऱ्या बायकांची संख्या लिहून. मग रात्रीची एक फेरी वाढली. एकच फेरी, पण त्या बसमध्ये मी नंतर सहा वर्षं बसले.

राज्याचं अधिवेशन सिडनी टाउन हॉलमध्ये भरतं. एकदा तरी जाऊन बघा. वरच्या गॅलरीत बसलं की डावा गट कुठे, उजवा गट कुठे हे हात वर होताना स्पष्ट दिसतं. ते बघितल्यावर ईमेलमधल्या गोड शब्दांमागे किती घासाघीस झाली असेल, याचा अंदाज यायला लागतो.

प्रश्न : मी एकवीस वर्षांचा, पर्थमध्ये शिकतो. सभासदांच्या मताने खरंच काही ठरतं का, की वरून आधीच सगळं ठरलेलं असतं?
— एक विद्यार्थी, पर्थ

उत्तर : दोन्ही घडतं. तुला मी फक्त गोड बाजू सांगणार नाही.

२०१३ मध्ये लेबरने पक्षनेता निवडताना पहिल्यांदा सगळ्या सभासदांना मत दिलं. अर्धं वजन खासदारांच्या मताला, अर्धं सभासदांच्या. बिल शॉर्टन विरुद्ध अँथनी अल्बनीझी अशी लढत झाली. सभासदांमध्ये अल्बनीझी यांना सुमारे ६० टक्के मतं पडली, खासदारांमध्ये शॉर्टन यांना सुमारे ६४ टक्के. बेरीज करून शॉर्टन निवडून आले. मी तेव्हा अल्बनीझींना मत दिलं होतं आणि आमच्या शाखेत बहुतेकांनी तेच केलं होतं. निकालाच्या दिवशी फार वाईट वाटलं. तरी मतपत्रिका पोस्टाने घरी आली होती, ती मी टेबलावर ठेवून दोन दिवस विचार केला होता. तो विचार आधी मला कुणी करायला लावलाच नव्हता.

आता दुसरी बाजू. सिडनीच्या पश्चिमेला फाउलर नावाचा मतदारसंघ आहे, कॅब्रामाटाचा, व्हिएतनामी वस्तीचा. २०२२ च्या निवडणुकीआधी तिथे टू ली ही स्थानिक तरुण वकील इच्छुक होती आणि निवृत्त होणाऱ्या खासदारांचा तिला पाठिंबाही होता. पक्षाने बाहेरून क्रिस्टिना केनेली यांना आणलं. त्या राज्याच्या माजी प्रीमियर, पण फाउलरच्या नव्हत्या. वर्षानुवर्षं लेबरकडे असलेली जागा अपक्ष दाय ली यांनी जिंकली. २०२५ मध्ये पक्षाने टू ली हिला उमेदवारी दिली, तोवर उशीर झाला होता. दाय ली पुन्हा निवडून आल्या. त्याच २०२२ मध्ये माझ्या शेजारच्या पॅरामाटातही स्थानिक मतदान न घेता राष्ट्रीय कार्यकारिणीने अँड्र्यू चार्लटन यांचं नाव दिलं. ते निवडून आले आणि काम करतात, हे मी मान्य करते. पण माझ्या ओळखीच्या दोन जुन्या सभासदांनी त्या वर्षी पत्रकं वाटली नाहीत. मी वाटली. त्यांची नाराजी मला आजही बरोबर वाटते.

तुझ्याच शहरातलं उदाहरण बघ. स्वान मतदारसंघ २००७ पासून लिबरलकडे होता. २०२२ मध्ये तिथे लेबरच्या झनेटा मस्करेन्हस निवडून आल्या. घराणं मूळचं गोव्याचं, बालपण कंबाल्डा या खाणगावात, शिक्षण इंजिनिअरिंगचं. आपल्याकडचं आडनाव कॅनबेराच्या सभागृहात पुकारलं जातं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण अशी निवडणूक जिंकायला दारोदार फिरणारी माणसं लागतात आणि ती शाखांमधूनच येतात. तू विद्यार्थी आहेस, शनिवार मोकळा असेल. आधी एका बैठकीला नुसता जाऊन बस. पटलं नाही तर दुसऱ्या पक्षाच्या बैठकीला जा. एका वेळी सभासद मात्र एकाच पक्षाचा.

प्रश्न : माझा मुलगा ब्रिस्बेनला असतो. कायमचं राहण्याची परवानगी मिळाली आहे, नागरिकत्व अजून नाही. त्याने तिथल्या एका पक्षाचं सभासदत्व घेतलं आणि आम्हाला पक्षाच्या बातम्या फॉरवर्ड करतो. आम्हा दोघांना काळजी वाटते. परक्या देशात राजकारण कशाला?
— एक वडील, सातारा

उत्तर : काका, तुमची काळजी समजते. माझ्या आईनेही फोनवर हेच विचारलं होतं.

तिथे पक्षाचा सभासद होणं ही लपवायची किंवा धोक्याची गोष्ट नाही. लेबरचं सभासदत्व नागरिक नसलेल्या रहिवाशालाही मिळतं. देशाच्या निवडणुकीत मत मात्र नागरिक झाल्यावरच. आणि नागरिक झाला की मत देणं त्याच्यावर बंधनकारक. केंद्रीय निवडणुकीसाठी हा कायदा १९२४ पासून आहे. सबळ कारणाशिवाय मत दिलं नाही, तर २० डॉलरचा दंड. एवढंच ध्यानात असू द्या की ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. तो निर्णय त्याने तुमच्याशी बोलून, सावकाश घ्यावा.

‘परका देश’ याबद्दल एक सांगते. तुमचा मुलगा क्वीन्सलंडमध्ये आहे. त्याच राज्यात बारकॅल्डिन नावाचं छोटं गाव आहे. १८९१ मध्ये मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या मजुरांनी मोठा संप केला, तेव्हा ते तिथल्या एका झाडाखाली जमायचे. लेबर पक्षाच्या जन्माशी ते झाड जोडलं गेलं. २००६ मध्ये कुणीतरी विष घालून ते मारलं. आता त्या जागी स्मारक आहे. मी गेले होते. वाळलेल्या खोडाखाली उभी राहिले, तेव्हा मला आमच्याकडचे ऊसतोड कामगार आठवले, कोयता आणि बिऱ्हाड घेऊन फिरणारे. आपल्या पोराने तिथे राबायचं, कर भरायचा, पोरं शाळेत घालायची आणि बोलायचं मात्र नाही, हे मला पटत नाही.

मतदान तिथे शनिवारी असतं, बहुतेक शाळांमध्ये. दारापासून सहा मीटर लांब सगळ्या पक्षांचे लोक पत्रकं घेऊन उभे असतात. २०२२ मध्ये माझ्या शेजारी लिबरलच्या एक बाई होत्या. पाऊस आला तेव्हा आम्ही दोघी त्यांच्या छत्रीत उभ्या राहिलो आणि दोघींनी आपापली पत्रकं वाटली. तुम्ही निवडणुकीच्या सुमाराला ब्रिस्बेनला गेलात, तर मुलाबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत नक्की जा. तिथे पालक मंडळी पावात सॉसेज आणि परतलेला कांदा घालून विकतात. शाकाहारी असाल तर नुसता कांदा-पाव मागा, देतात.